अडीच मिनिटांच्या सामन्यासाठी : रोबो महास्पर्धेचे स्थळनियोजन

विद्यार्थ्यांच्या मोठ्या रोबो स्पर्धेत एक सामना अडीच-तीन मिनिटांत संपतो. तेवढ्या वेळासाठी मुलांनी कित्येक महिने रोबो घडवलेला असतो, बिघडल्यावर पुन्हा उभा केलेला असतो आणि कधी हजारो किलोमीटरवरून आणलेला असतो. ऐन सामन्यात वीज गेली, बिनतारी संपर्क तुटला किंवा दोन सामन्यांच्या मध्ये दुरुस्तीला वेळच मिळाला नाही, तर फळ्यावर लागणारा गुणांचा आकडा मुलांच्या कौशल्याचा राहत नाही, तो आयोजनातल्या उणिवेचा ठरतो. म्हणूनच जागेची निवड, तिची आखणी आणि माणसे-सामान यांची ने-आण ही रोबो स्पर्धेतली दुय्यम कामे नव्हेत. स्पर्धा न्याय्य होणार की नाही, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

हे नियोजन समजून घ्यायला अमेरिकेतील ‘फर्स्ट चॅम्पियनशिप’ हे उत्तम उदाहरण आहे. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची ही वार्षिक जागतिक स्पर्धा एप्रिल महिन्यात टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात, जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरते. लहान मुलांसाठी ‘लेगो लीग’, मधल्या गटासाठी ‘टेक चॅलेंज’ आणि १४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ‘रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ असे तीन स्तर तिथे एकाच छपराखाली चालतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या गटात सुमारे ६०० संघ असतात. मुले, मार्गदर्शक, पालक, पंच, स्वयंसेवक आणि प्रेक्षक धरून उपस्थिती ५० हजारांच्या घरात जाते.

शाळेच्या व्यायामशाळेपासून कन्व्हेन्शन सेंटरपर्यंत

या स्पर्धेची सुरुवात लहान होती. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर शहरात एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली, तेव्हा २८ संघ आले होते. संघ वाढले तशी व्यायामशाळा अपुरी पडली आणि स्पर्धा फ्लोरिडातील डिस्नेच्या ‘एपकॉट’ उद्यानात गेली. २००३ मध्ये ती ह्यूस्टनला झाली. २००४ ते २०१० या काळात अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये आणि २०११ पासून सेंट लुईसच्या डोममध्ये ती भरू लागली. हे दोन्ही डोम मुळात अमेरिकन फुटबॉलची बंदिस्त स्टेडियम. मधल्या मोकळ्या पटांगणावर सामन्यांची मैदाने मांडता येत, चहूबाजूंच्या पायऱ्यांवर प्रेक्षक बसत आणि लगतच्या प्रदर्शन दालनांत संघांचे तळ असत.

पुढे एक शहरही पुरेना. २०१७ मध्ये स्पर्धा ह्यूस्टन आणि सेंट लुईस अशा दोन ठिकाणी विभागली गेली. २०१८ आणि २०१९ मध्ये सेंट लुईसची जागा डेट्रॉइटने घेतली. या विभागणीने अधिक मुलांना महास्पर्धेचा अनुभव मिळाला. एकच जगज्जेता ठरवण्याची परंपरा मात्र खंडित झाली आणि त्यावर संघांमध्ये बराच वाद झाला. करोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये दोन्ही ठिकाणची स्पर्धा रद्द करावी लागली, २०२१ मध्येही ती प्रत्यक्ष भरली नाही. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती एकट्या ह्यूस्टनमध्ये. या प्रवासातून एक गोष्ट दिसते : जागा किती मोठी मिळते यावर किती मुलांना संधी मिळणार हे अवलंबून असते. स्थळाचा निर्णय हा शैक्षणिक धोरणाचाही निर्णय असतो.

जागेचा हिशोब

जागा शोधताना सुरुवात शहरापासून किंवा इमारतीपासून करून चालत नाही. आधी एका संघाला आणि एका सामन्याला किती जागा लागते ते मोजावे लागते.

‘रोबोटिक्स कॉम्पिटिशन’चे मैदान साधारण ५४ फूट लांब आणि २७ फूट रुंद असते, म्हणजे जवळपास दीड हजार चौरस फूट. त्याच्या दोन्ही टोकांना चालकांच्या जागा, बाजूला पंच आणि गुणलेखकांची टेबले, रोबो आत-बाहेर नेण्याच्या वाटा आणि पुढच्या सामन्याच्या संघांची रांग येते. हे सारे धरले की एका मैदानाला प्रत्यक्ष क्षेत्रफळाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. महास्पर्धेत संघांचे आठ विभाग पडतात आणि प्रत्येक विभागाचे स्वतंत्र मैदान असते. अंतिम सामन्यांचे ‘आइनस्टाइन’ मैदान आणि सरावाची मैदाने वेगळी. ‘टेक चॅलेंज’चे मैदान १२ फूट बाय १२ फूट आणि ‘लेगो लीग’चे टेबल ८ फूट बाय ४ फूट. ही मैदाने लहान असली तरी त्यांची संख्या वाढते. शिवाय ‘लेगो लीग’मध्ये परीक्षक प्रत्येक संघाशी निवांत बोलतात, त्यामुळे दारे बंद करता येतील अशा शांत खोल्या लागतात. नुसते प्रशस्त दालन असलेली इमारत इथे कमी पडते.

मैदानांपेक्षा अधिक जागा व्यापतात ते संघांचे तळ, ज्यांना ‘पिट’ म्हणतात. प्रत्येक संघाला सर्वसाधारणपणे १० फूट बाय १० फूट जागा मिळते. त्यात रोबो, हत्यारे, सुटे भाग, बॅटऱ्या आणि पाच-सहा माणसे मावतात. ६०० संघांच्या पिटना ६० हजार चौरस फूट लागतात. पिटच्या रांगा पाठीला पाठ लावून मांडल्या आणि दोन रांगांमध्ये १० फुटांची वाट ठेवली, तर हा आकडा ९० हजारांवर जातो. आडव्या वाटा, तपासणीची जागा, सुट्या भागांचे भांडार आणि यंत्रशाळा त्याशिवाय. वाटांची रुंदी कमी करून चार पिट जास्त बसवण्याचा मोह आयोजकांना होतो, पण तिथे तडजोड करता येत नाही. रोबो हातगाडीवर ठेवून मैदानाकडे न्यावा लागतो, समोरून दुसरी गाडी येत असते आणि आग लागली तर त्याच वाटांनी हजारो माणसे बाहेर पडायची असतात. म्हणून वाटांची रुंदी अग्निशमन विभागाच्या मंजुरीने ठरते.

पिट आणि मैदान यांतले अंतर हा या हिशोबातला सर्वांत नाजूक भाग. एका विभागाचे सगळे पिट त्याच विभागाच्या मैदानाजवळ असतील, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला सारखे चालणे येते. काही संघ मैदानालगत आणि काही दुसऱ्या दालनात असतील, तर दूरच्या संघांचा दुरुस्तीचा वेळ चालण्यात जातो. त्यामुळे नकाशावर पिट वाटून देताना अंतर मिनिटांत मोजणे योग्य.

फरशी, छत आणि प्रकाश

पंचावन्न-साठ किलोंचा रोबो वेगाने धावतो, आदळतो आणि वळतो. त्याला सपाट, कठीण आणि कोरडी जमीन लागते. प्रदर्शन केंद्रांत काँक्रीटची फरशी असते, तिच्यावर मैदानाचा गालिचा थेट अंथरता येतो. क्रीडासंकुलातील लाकडी फरशीवर आधी संरक्षक थर आणि मग प्लायवूड टाकावे लागते, नाहीतर फरशी खराब होते. गवताच्या स्टेडियमवर तात्पुरती फरशी घालावी लागते. दोन फळ्यांच्या जोडावर काही मिलिमीटरचा चढ राहिला, तरी लहान चाकांचा रोबो तिथे अडखळतो.

छताची उंची प्रकाशयोजना, पडदे आणि ध्वनिक्षेपक टांगण्यासाठी लागते, तशीच खेळासाठीही. २०१२ च्या खेळात रोबो बास्केटबॉल उडवून टोपलीत टाकत. अशा खेळात चेंडू प्रेक्षकांत जाऊ नयेत म्हणून जाळ्याही टांगाव्या लागतात. दालनाच्या मध्ये खांब आले तर प्रेक्षकांची दृष्टी अडते आणि मैदानाची मांडणीही बिघडते. म्हणून खांबांमधले अंतर इमारत पाहतानाच मोजले जाते.

प्रकाशाचा मुद्दा बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. आजचे रोबो कॅमेऱ्याने पाहतात. ‘रोबोटिक्स कॉम्पिटिशन’मध्ये २०२३ पासून मैदानाच्या ठरावीक जागी ‘एप्रिलटॅग’ नावाच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी छापील खुणा लावलेल्या असतात. त्यांच्यावरून रोबो स्वतःची जागा ओळखतो. मैदानावर खिडकीतून थेट ऊन पडले तर कॅमेऱ्याला खुणा नीट दिसत नाहीत. सकाळी खेळलेला संघ आणि दुपारी खेळलेला संघ यांना वेगवेगळा उजेड मिळाला, तर ती स्पर्धा सारखी राहत नाही. म्हणून काचेच्या भिंती झाकाव्या लागतात, दिव्यांचे कोन ठरवावे लागतात आणि संघांना आपले कॅमेरे मैदानावर जुळवून घेण्यासाठी स्पर्धेआधी वेळ द्यावा लागतो.

वीज आणि बॅटऱ्या

प्रत्येक पिटमध्ये बॅटऱ्यांचे चार्जर, दोन-तीन लॅपटॉप, दिवा आणि एखादे विजेवर चालणारे हत्यार असते. एका पिटचा भार सरासरी १ किलोवॉट धरला, तर ६०० पिटचा भार ६०० किलोवॉट होतो. मैदानांची प्रकाशयोजना, पडदे, ध्वनी आणि वातानुकूलन यांची वीज वेगळी. पिटची आणि मैदानाची वीज एकाच सर्किटवर असू नये, हा पहिला नियम. एखाद्या संघाच्या हत्याराने फ्यूज उडाला तर त्याची झळ शेजारच्या चार पिटपुरती राहिली पाहिजे, गुणफलक आणि नियंत्रणाचे संगणक चालू राहिले पाहिजेत. त्यासाठी नियंत्रण यंत्रणेला स्वतंत्र वाहिनी आणि यूपीएस लागतो. जनरेटर आहे म्हणून यूपीएस नको, असे होत नाही. वीज गेल्यापासून जनरेटर भार घेईपर्यंतच्या काही सेकंदांत संगणक बंद पडतो आणि सामना वाया जातो.

परदेशी संघ येणार असतील तर आणखी एक तयारी लागते. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, भारतात २३० व्होल्टची. सॉकेटचे आकारही निराळे. ही माहिती संघांना महिनोन्महिने आधी दिली नाही, तर पहिल्याच दिवशी चार्जर जळतात.

‘रोबोटिक्स कॉम्पिटिशन’चे रोबो १२ व्होल्टच्या बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीवर चालतात. एका बॅटरीचे वजन सुमारे ६ किलो. प्रत्येक सामन्याला पूर्ण भारलेली बॅटरी लागते, म्हणून संघ अशा कित्येक बॅटऱ्या बाळगतात. बॅटरी पडून फुटली तर आम्ल गळते, ते निष्प्रभ करण्यासाठी खाण्याचा सोडा पिटच्या रांगांत हाताशी ठेवतात. इतर अनेक स्पर्धांत लिथियम बॅटऱ्या वापरतात. त्यांचा धोका आगीचा असतो, त्यामुळे त्या भारण्यासाठी वेगळी, देखरेखीखालची जागा आणि आग न लागणाऱ्या पेट्या लागतात. वेल्डिंग किंवा ठिणग्या उडवणारी कामे पिटमध्ये करू देत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र यंत्रशाळा असते, तिथे जाणकार माणूस उभा असतो.

न दिसणारी जागा : बिनतारी लहरी

रोबो आणि चालक यांच्यातले आदेश वायफायवरून जातात. प्रेक्षकांच्या हातात हजारो मोबाइल असतात, शेजारच्या मैदानांवर दुसरे रोबो असतात आणि इमारतीचे स्वतःचे वायफाय असते. या गर्दीत मैदानाचे जाळे निर्वेध ठेवणे हे स्थळनियोजनाचेच काम आहे.

२०१२ च्या महास्पर्धेत याचा कटू अनुभव आला. सेंट लुईसला ‘आइनस्टाइन’ मैदानावरच्या निर्णायक सामन्यांत रोबो मध्येच प्रतिसाद देईनासे झाले. ‘फर्स्ट’ने नंतर अंतिम फेरीतल्या संघांना त्यांच्या रोबोंसह न्यू हॅम्पशायरला बोलावून कसून चाचण्या केल्या आणि चौकशीचा अहवाल जाहीर केला. काही रोबोंमध्ये स्वतःचे तांत्रिक दोष सापडले. पण त्याबरोबरच एका व्यक्तीने मोबाइलच्या साहाय्याने वायफाय यंत्रणेतील एका कमकुवत जागेचा फायदा घेऊन जाणूनबुजून संपर्क तोडल्याचेही उघड झाले. एवढ्या मोठ्या स्पर्धेचा कळस एका मोबाइलने बिघडू शकतो, हा धडा सगळ्याच आयोजकांनी घेण्यासारखा आहे.

तेव्हापासून लहरींवरची नजर अधिक कडक झाली आहे. स्पर्धास्थळी कोणत्याही संघाला स्वतःचे वायफाय सुरू करू देत नाहीत. प्रत्येक मैदानाला वेगळे चॅनेल मिळते, इमारतीच्या व्यवस्थापनाकडून त्या चॅनेलवरचे त्यांचे प्रक्षेपण बंद करून घेतात आणि संपर्काची नोंद सतत ठेवली जाते. २०२५ च्या हंगामापासून अमेरिकेत ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालणारी नवी रेडिओ यंत्रणा वापरात आली, कारण त्या पट्ट्यात गर्दी कमी आहे. इमारतीच्या करारात लहरींच्या नियंत्रणाचे कलम असणे आता जागेच्या भाड्याइतकेच महत्त्वाचे ठरले आहे.

वेळापत्रकाचे गणित

‘रोबोटिक्स कॉम्पिटिशन’मध्ये तीन संघांची एक आघाडी दुसऱ्या तिघांच्या आघाडीविरुद्ध खेळते. म्हणजे एका सामन्यात सहा संघ. ७५ संघांच्या विभागात प्रत्येकाला १० सामने द्यायचे, तर ७५० संधी भागिले ६, असे १२५ सामने होतात. खेळ अडीच मिनिटांचा असला तरी मैदान पूर्ववत मांडणे, रोबो आणणे, संपर्क तपासणे आणि गुण जाहीर करणे धरून दोन सामन्यांच्या प्रारंभांमध्ये साधारण सात मिनिटे जातात. १२५ सामन्यांना ८७५ मिनिटे, म्हणजे साडेचौदा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. प्राथमिक फेरीला दोन पूर्ण दिवस का लागतात, ते इथे कळते.

याच गणितात धोकाही दडलेला आहे. प्रत्येक सामना फक्त एक मिनिट लांबला, तर शेवटी १२५ मिनिटांची, म्हणजे दोन तासांहून अधिक घसरण होते. लग्नात पहिली पंगत उशिरा उठली की पुढच्या सगळ्या पंगती लांबतात, तसेच हे. म्हणून दिवसाच्या मध्ये जेवणाची सुट्टी थोडी सैल ठेवतात, तिथे घसरण भरून काढता येते.

संघाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो दोन सामन्यांमधला वेळ. वरच्या हिशोबाने एखाद्या संघाचा सामना सरासरी दर साडेबारा सामन्यांनी, म्हणजे सुमारे दीड तासाने येतो. पण सरासरी फसवी असते. सोडतीत एखाद्याला लागोपाठ जवळचे सामने आले तर बॅटरी बदलायलाही वेळ मिळत नाही. म्हणून वेळापत्रक संगणकावर तयार करताना दोन सामन्यांमध्ये किमान इतके अंतर हवे, अशी अट घालतात. पिटमधून संघांना वेळेवर बोलावून रांगेत आणणारे स्वयंसेवक, पिटमधला उद्घोषक आणि जागोजागी लावलेले पडदे ही व्यवस्था वेळापत्रक कागदावरून मैदानावर आणते.

सामान, सीमाशुल्क आणि व्हिसा

मैदानांचे सुटे भाग, पडदे, दिवे आणि ६०० संघांची लाकडी खोकी एकाच दिवशी एकाच दारावर येऊन थांबली, तर रस्ता कोंडतो. त्यामुळे माल उतरवण्याचे वेळापत्रक सामन्यांच्या वेळापत्रकाइतक्याच काटेकोरपणे आखतात. आधी मैदाने आणि वीज, मग पिटची आखणी, मग संघांची खोकी हा क्रम. प्रत्येक खोक्यावर संघाचा क्रमांक आणि विभाग मोठ्या अक्षरांत असतो. फोर्कलिफ्टने ते थेट त्या पिटपाशी ठेवतात. खोके रिकामे झाल्यावर ते ठेवायला वेगळी जागा लागते, आणि परतीच्या दिवशी तीच खोकी योग्य संघाकडे परत जायला हवीत. पसारा आवरण्याचे नियोजन मांडणीच्या नियोजनाबरोबरच झालेले असेल, तरच शेवटची रात्र सुरळीत जाते.

परदेशी संघांपुढे दोन मोठे अडथळे असतात. पहिला सीमाशुल्काचा. स्पर्धेसाठी तात्पुरता नेऊन परत आणायचा रोबो विक्रीचा माल समजून अडवला जाऊ नये, यासाठी ‘एटीए कार्नेट’ नावाचा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज वापरता येतो. भारतात तो ‘फिक्की’ ही संस्था देते. रोबो विमानाने न्यायचा तर बॅटऱ्यांचे नियम आड येतात. प्रवाशाबरोबर १०० वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी सामान्यपणे चालते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. बॅटऱ्या स्पर्धास्थळीच मिळण्याची सोय केली, तर संघांची ही अडचण सुटते.

दुसरा अडथळा व्हिसाचा. २०१७ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या ‘फर्स्ट ग्लोबल’ स्पर्धेसाठी अफगाणिस्तानातील मुलींच्या संघाला अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. जगभर चर्चा झाल्यावर शेवटच्या दिवसांत त्यांना परवानगी मिळाली. प्रत्येक संघाची कहाणी बातमी होत नाही. म्हणून पात्रता फेऱ्या आणि महास्पर्धा यांच्यात व्हिसासाठी पुरेसा अवधी ठेवणे आणि निमंत्रणपत्रे तातडीने देणे, ही आयोजकांची जबाबदारी आहे.

माणसांची सोय

एवढ्या मुलांना राहायला चालत जाण्याच्या अंतरावर खोल्या हव्यात. ह्यूस्टनचे केंद्र इथे सोयीचे पडते, कारण मोठी हॉटेले लगत आहेत आणि समोर ‘डिस्कव्हरी ग्रीन’ हे मोकळे उद्यान आहे. गर्दीला श्वास घ्यायला अशी उघडी जागा फार उपयोगी पडते. लांबच्या हॉटेलांसाठी बसगाड्या ठेवाव्या लागतात. त्यांच्या वेळा पिट उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळेशी जुळलेल्या हव्यात, नाहीतर मुले सकाळी दाराबाहेर आणि रात्री रस्त्यावर ताटकळतात.

आत सुरक्षा चष्मा सक्तीचा असतो. मैदानाजवळ आवाज फार असल्याने कानात घालायचे बोळे ठेवतात. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी एक शांत खोली राखून ठेवतात. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला पिटपासून चालकाच्या जागेपर्यंत एकही पायरी लागू नये, ही अट जागा पाहतानाच घालावी लागते. पाणी जवळ हवे, प्रसाधनगृहे पुरेशी हवीत आणि जेवण वेगवेगळ्या देशांच्या मुलांना चालेल असे हवे. प्रथमोपचार कक्ष आणि रुग्णवाहिकेची वाट कायम मोकळी ठेवतात.

हा डोलारा स्वयंसेवकांवर उभा असतो. पंच, रोबो तपासणारे, मैदान पूर्ववत मांडणारे, तांत्रिक सल्लागार, रांग लावणारे, हरवलेल्यांना वाट दाखवणारे अशी शेकडो माणसे लागतात. स्पर्धक अल्पवयीन असल्याने ‘फर्स्ट’मध्ये स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासली जाते. त्यांचे प्रशिक्षण, विश्रांती आणि जेवण यांची आखणी संघांइतकीच नीट व्हावी लागते, कारण थकलेला पंच चूक करतो आणि त्याची किंमत मुले मोजतात.

अनपेक्षिताची तयारी

मार्च २००८ मध्ये अटलांटात टोर्नेडो आला आणि जॉर्जिया डोमचे नुकसान झाले. ‘फर्स्ट’ची महास्पर्धा त्याच इमारतीत महिनाभरावर आली होती. दुरुस्ती वेळेत झाली आणि एप्रिलमध्ये स्पर्धा तिथेच पार पडली. २०२० मध्ये मात्र इलाज नव्हता. डेट्रॉइटच्या ज्या केंद्रात रोबो येणार होते, तिथे त्या एप्रिलमध्ये करोना रुग्णांसाठी तात्पुरते रुग्णालय उभारले गेले. इमारतीचा करार, विमा आणि संघांनी भरलेले शुल्क यांचे काय होणार, हे संकटाआधीच लिहून ठेवलेले असावे, हे या दोन्ही प्रसंगांनी दाखवले.

पुण्याचा अनुभव

महाराष्ट्राला या क्षेत्राचा अनुभव नवा नाही. आशिया-पॅसिफिक प्रक्षेपण संघटनेची ‘एबीयू रोबोकॉन’ ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. २००८ आणि २०१४ मध्ये ती पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाली. ‘रोबोकॉन’मध्ये यजमान देश खेळाचा विषय ठरवतो. २००८ चा विषय दहीहंडीवर बेतलेला ‘गोविंदा’ होता. निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांनी हंडीपर्यंत पोचणारे रोबो घडवून पुण्यात आणले.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले हे संकुल मुंबई-बंगळूर महामार्गालगत असल्याने सामान आणणे सोपे. ऑगस्टमधला पुण्याचा पाऊस लक्षात घेता बंदिस्त दालन आवश्यकच होते. ‘रोबोकॉन’ मुळात दूरचित्रवाणीसाठी योजलेली स्पर्धा असल्याने कॅमेऱ्यांच्या जागा आणि प्रखर दिवे यांचाही विचार करावा लागतो. तिचे मैदान यजमानच उभारतात आणि संघ नियमपुस्तिकेतील मापांवरून घरी तसेच मैदान करून सराव करतात. मापे आणि रंग नियमपुस्तिकेबरहुकूम असतील, तरच घरी शिकलेला रोबो स्पर्धेत तसाच चालतो. म्हणून प्रत्यक्ष स्पर्धेआधी संघांना मैदानावर चाचणी घेऊ देण्याची प्रथा आहे. २०१६ मध्ये ‘वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड’ची अंतिम फेरी दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या प्रदर्शन केंद्रात झाली. जागतिक स्पर्धा भरवण्याइतक्या इमारती आणि अनुभव भारतात आहेत, हे या तीन आयोजनांतून दिसते.

लहान आयोजकांसाठी

आज महाराष्ट्रात अनेक शाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालये जिल्हा आणि राज्य पातळीवर रोबो स्पर्धा घेतात. तिथे ६०० संघ नसतात, पण नियोजनाचा क्रम तोच राहतो. आधी एका संघाची जागा, वीज आणि वेळ मोजावी, मग संघांची संख्या ठरवावी आणि मगच सभागृह आरक्षित करावे. मैदानाची वीज पिटपासून वेगळी ठेवावी, वायफायची जबाबदारी एका जाणकाराकडे सोपवावी, वेळापत्रकात सैल जागा ठेवावी आणि सर्वांत दूरच्या पिटपासून मैदानापर्यंत हातगाडी ढकलत स्वतः एकदा चालून पाहावे. यांतल्या बहुतेक गोष्टींना फारसा खर्च लागत नाही, आधीपासून विचार लागतो. महिनोन्महिने खपलेल्या मुलांना मैदानावर सारखी संधी देणे हे आयोजकांचे पहिले कर्तव्य आहे, आणि बक्षिसांच्या रकमेआधी, पाहुण्यांच्या यादीआधी त्याचीच तरतूद झाली पाहिजे.